वर्लामने परत आणलेला केस

वर्तमानपत्राच्या तुकड्यात घडी घालून
आणला होता त्याने.
मी म्हटलं, माफ करा, दुसरा पाव देते.
तो म्हणाला, पाव खाल्ला मी. छान होता.
हा तुझा आहे, एवढंच.
रेल्वेत बेवारस सामान सांभाळायचा तो, तीस वर्षं.
सापडलेली वस्तू ज्याची त्याला पोचवल्याशिवाय
त्याला झोप लागत नसावी.

काळा, वीतभर लांब,
एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरा गड्डा.
म्हणजे तुटलेला नव्हता.
मुळासकट उठून निघालेला.

रियोनी नदीच्या पुलाजवळ माझी भट्टी,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.
तिच्या पोटात कमरेपर्यंत वाकायचं,
आतल्या भिंतीला शोती थापायची,
विस्तवाने भुवया चाटायच्या आत वर यायचं.
दिवसातून अडीचशे वेळा.
म्हणून आधी वाटलं, धग.
गुलिको म्हणाली, नळाचं पाणी. कुतायसीत सगळ्यांचेच जातात.
मुलगी म्हणाली, स्वस्तातला शाम्पू, आई.
जाऊबाई म्हणाली, नजर,
आणि काहीतरी पुटपुटत
माझ्या डोक्यावर तीन जांभया दिल्या.
चौथी माझी मला आली.

मी मोजते, हे कुणाला सांगितलं नव्हतं.
उशीवरचे, रुमालातले,
मोरीच्या जाळीवर भिजलेल्या उंदरासारखा बसलेला पुंजका
सुटा करून, एकेक.
सोमवारी एकशे चाळीस.
मंगळवारी शपथ घेतली, आता नाही मोजायचे.
बुधवारी एकशे बासष्ट.

डॉक्टर मक्वालाने चिमटीत बट धरून
हलकेच ओढली. सहा तिच्या हातात राहिले.
ते तिने टाकले नाहीत, उजेडात धरले.
पाळी फार जाते का? दम लागतो? थंडी वाजते?
मी म्हटलं, भट्टीवाल्या बाईला थंडी कसली.
रक्त लिहून दिलं, लोह, थायरॉइड,
आणि पेन खाली ठेवून विचारलं,
तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं?
काही नाही.
ताप? ऑपरेशन? बाळंतपण?
सत्तेचाळिसाव्या वर्षी! दोघी हसलो.
कुणी गेलं?
मी म्हटलं, कुणी मेलं नाही.
केसांना बातमी उशिरा पोचते, ती म्हणाली. आठवून बघा.

परतताना बोटांवर मागे मागे गेले.
मे. एप्रिल. मार्च.
फेब्रुवारीत बेसो पोलंडला गेला,
मांसाच्या कारखान्यात.
पहाटे चारची बस, नेमकी त्याच दिवशी
लग्नाची शंभर शोतींची ऑर्डर.
त्याच्या जाकिटात गरम पाव कोंबला,
म्हटलं, जा आता, पीठ परातीबाहेर येतंय.
आणि खरंच येत होतं.
डोळे पुसायला हात कोरडा नव्हता,
मग ते राहूनच गेलं.

तो रविवारी फोन करतो.
मी ठणठणीत आहे आई,
केसालाही धक्का नाही.
त्याच्या नसेलच.

रिपोर्ट आला. लोह फार कमी.
म्हणजे हेच कारण? मी विचारलं.
हेही असेल, मक्वाला म्हणाली.
मला एकच हवं होतं,
वजनकाट्यावर ठेवता येईल असं.
तिने दिल्या गोळ्या,
आणि वर म्हणाली, सहा महिने धीर धरा,
जसं काही तोही दुकानात मिळतो.

मुलीने स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून
कानाच्या पाळीपर्यंत कापले.
कापलेले मोजायचे नाहीत, तिने बजावलं.
घट्ट रुमाल बांधून मी भट्टीत वाकते.
मान हलकी वाटते, आणि ओळखीची नाही वाटत.

वर्लाम अजून येतो, सकाळी सातला.
दारातच शोती मोडतो,
दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून
चष्म्यावरून निरखतो.
आज काही सापडलं नाही, म्हणतो,
किंचित नाराज होऊन.